फ्लेक्सवरच्या ‘सर्वधर्मसमभावा’चं भारूड कसं बांधावं

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर एका वर्षी फ्लेक्स लागला होता : ‘सर्व मुस्लिम बांधवांना मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. मधोमध साहेबांचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात चंद्रकोर, खाली चौदा कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. मोहरमची दहा तारीख म्हणजे करबलाच्या रणात हुसेन मारले गेले तो दिवस. दुखवट्याच्या शुभेच्छा कुणी देतं का? मराठवाड्यात हे सांगायला मौलवीही लागत नाही. गावोगाव सवाऱ्या बसतात, कित्येक गावांत सवारी उचलायचा मान हिंदू घराकडं असतो, बायका लेकरांसाठी नवस बोलतात, मलिदा करतात, सरबत वाटतात. ज्या गावात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय त्याच गावाला तो फ्लेक्स एकीचे धडे देत होता. चौदा फोटोंत तीन मुसलमान पोरं होती. मजकूर छापायच्या आधी त्यांनाही कुणी दाखवला नव्हता.

अशा संदेशांवर हसावं, चारचौघांत आणि मोठ्यानं हसावं, असं मला मनापासून वाटतं. निवेदन देऊन काही होत नाही, ते फाइलीत जातं. गावानं पारावर बसून हसलेलं मात्र साहेबांच्या कानावर संध्याकाळपर्यंत पोचतं. पण हे हसू अवघड असतं. जराशी चूक झाली की ते साहेबांवरून घसरतं आणि ज्यांच्या बाजूनं आपण बोलायला उभे राहिलो त्यांच्याच अंगावर पडतं. आमच्या कलापथकाकडून ही चूक झालेली आहे, ती पुढं सांगतोच. कॉलेजची पोरं युवक महोत्सवासाठी, गणेश मंडळं दहा दिवसांसाठी, कुणी जयंतीसाठी असं काही बसवायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

आधी वही घाला

लिहायला बसू नका. निदान महिनाभर नुसतं गोळा करा. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी लिहा : तारीख, ठिकाण, जसाच्या तसा शब्द, व्यासपीठावर कोण बसलं होतं, आणि त्यानंतर त्या गल्लीत काय काम झालं. पाचवा रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो. पुढं सगळं भारूड त्या कोऱ्या रकान्यातूनच निघणार आहे, म्हणून तो आळस न करता आखायचा.

शब्द जसाच्या तसा लिहायचा यावर माझा फार जोर असतो. ‘साहेब एकतेवर बोलले’ ही नोंद काही कामाची नाही. ‘माझा धनगर बांधव, माझा बंजारा बांधव, माझा लिंगायत बांधव, माझा मुस्लिम बांधवसुद्धा’ ही नोंद कामाची. त्यातल्या त्या ‘सुद्धा’मध्ये अर्धा प्रवेश लपलेला आहे. मोबाइलवर फोटो काढा, भाषण टेप करा, पण घरी येऊन हातानं उतरवून काढा. हातानं लिहिताना शब्द कुठं खोटा वाजतो ते कळतं.

काय काय सापडेल त्याचा अंदाज यावा म्हणून माझ्या वह्यांतलं थोडं सांगतो.

तारखांचं अज्ञान सगळ्यात जास्त. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, तरी त्याच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ दर वर्षी कुठं ना कुठं दिसतातच. १४ जानेवारीचं तर जास्त लागतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला, त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत येते. ‘नामविस्तार दिन व मकर संक्रांतीच्या गोड गोड शुभेच्छा’ असा एकच फ्लेक्स दोन्हींसाठी लावणाऱ्याला पैसे वाचवायचे असतात. ज्याचं घर त्या वेळी जळालं तो माणूस मात्र त्या फ्लेक्सखालून बाजाराला जातो.

तारीख बरोबर, पण माणसंच गावात नाहीत, असंही होतं. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची जयंती १५ फेब्रुवारीला. साहेब तांड्यावर जातात, आरशांच्या कामाची ओढणी खांद्यावर घेतात, ‘जय सेवालाल’ म्हणतात. पण फेब्रुवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. बीडच्या, परभणीच्या तांड्यांवरची कर्ती माणसं तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, मागं म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. साहेबांच्या फोटोत पुढं म्हाताऱ्याच का आहेत, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो तुमच्या वहीत पडला पाहिजे.

१७ सप्टेंबरची भाषणं नीट ऐका. १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं, तो आपला मुक्तिसंग्राम दिन. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत, ते सांगितलेच पाहिजेत. पण काही वक्ते रझाकार म्हणता म्हणता बोट आजच्या मोहल्ल्याकडं वळवतात आणि शेवटी ‘आपण सारे एक’ म्हणून मोकळे होतात. भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून शोएबुल्ला खान या उर्दू दैनिकाच्या संपादकाला रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केलं, हे त्या भाषणांत मी तरी कधी ऐकलं नाही. ज्याला एकी दाखवायचीच आहे त्याच्या हाताशी एवढा मोठा माणूस आहे आणि त्याला त्याचं नावही ठाऊक नाही.

बाकी नोंदी आपोआप येतील. दलित वस्तीत जेवायला बसलेल्या साहेबांसमोर हॉटेलातून आणलेलं ताट आणि सीलबंद पाणी. सरपंचबाईच्या सत्काराच्या फ्लेक्सवर तिच्या तिप्पट मोठा नवऱ्याचा फोटो. १९९३ पासून गावपातळीवर बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या झाल्या, पण फ्लेक्सवरची निम्मी जागा काही बायकांना मिळाली नाही.

एक नोंद जवळून दाखवतो, कारण माझ्या मते ती सगळ्यांची आई आहे. ईदच्या फ्लेक्सवर उर्दूत ‘ईद मुबारक’ लिहिलं होतं. लांबून झकास दिसत होतं. मी आमच्या गल्लीतल्या टेलरचाचांना सोबत घेऊन गेलो. चाचांनी चष्मा वर केला, फ्लेक्सच्या पार जवळ गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. उर्दूत अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात आणि उजवीकडून डावीकडं जातात. इथं प्रत्येक अक्षर सुटं पडलं होतं, त्यात क्रमही उलटा, डावीकडून उजवीकडं. डीटीपीच्या सॉफ्टवेअरला ती लिपी झेपली नव्हती आणि छापणाऱ्यापासून लावणाऱ्यापर्यंत एकालाही वाचता येत नव्हती. चाचा म्हणाले, “हर्फां हैं बेटा, लफ्ज नै.” अक्षरं आहेत, शब्द नाही. त्या दिवशी वहीत मी तेवढंच लिहिलं.

मग चाळणी लावा

महिन्याभरात चाळीस-पन्नास नोंदी होतील. त्यातल्या पाच ठेवायच्या. निवडायच्या कशा, त्यासाठी एक कसोटी आहे आणि ती मी चुकून शिकलो.

आमचं पहिलं पथनाट्य इफ्तारावर होतं. साहेब टोपी घालून इफ्तारला येतात असा प्रवेश. घरमालक म्हणून आमच्यातल्या एका पोराला लुंगी नेसवली, डोळ्यांत सुरमा घातला आणि त्याच्या तोंडी मोडकी हिंदी दिली. ‘आव साब, बैठो साब’ म्हणत तो अकरा पोरांची नावं घेऊन हाका मारायचा. बाजारच्या दिवशी प्रयोग झाला, हशा इतका की पुढची वाक्यं ऐकू येईनात. आम्ही खूश. रात्री उसवलेला झब्बा घेऊन चाचांकडं गेलो तर त्यांनी मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही. म्हणाले, “लोगां हमारी बोलीपो हसे बेटा. लीडरपो कोई नै हसा.”

मी घरी येऊन संहिता परत वाचली. साहेबांना काढून टाकलं तरी तो प्रवेश तसाच हसवत होता. लुंगी हसवत होती, सुरमा हसवत होता, अकरा पोरं हसवत होती. साहेब नुसते टोपी घालून उभे होते.

कसोटी ही अशी : प्रवेशातून नेत्याला उचलून बाजूला ठेवा आणि उरलेलं वाचा. तरीही हसू येत असेल तर ते हसू लोकांवर आहे, ते पान फाडा. नेता गेल्यावर मागं साधं, सरळ, चारचौघांसारखं घर उरलं तर प्रवेश बरोबर आहे. मग नेता आत आला की त्याच्या अज्ञानामुळंच हसू येईल. या एका कसोटीनं आमचं निम्मं लेखन गळालं आणि जे राहिलं ते पहिल्यापेक्षा जोरात हसवू लागलं.

जातीच्या बाबतीत आणखी कडक राहा. जातीचं नाव चिडवायच्या सुरात, शिवीसारखं, एखाद्या पात्राच्या तोंडी ‘वास्तव वाटावं’ म्हणूनही घालू नका. बघणाऱ्यांत ज्याला शाळेत त्याच नावानं चिडवलं गेलंय तो माणूस उभा असतो. त्याला पात्र आणि आपण वेगळे नाही वाटत.

रूप निवडताना पैठणकडं बघा

पथनाट्य, लोकनाट्य, प्रहसन काहीही करता येतं. माझा कौल भारुडाला आहे, आणि तो मराठवाड्याचा अभिमान म्हणून नव्हे तर कामाच्या सोयीनं. पैठणच्या एकनाथांनी (१५३३ ते १५९९) वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी, महार, मलंग अशा कितीतरी माणसांच्या तोंडून भारुडं रचली. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस ‘जोहार मायबाप’ म्हणत महाराच्या आवाजात बोलतो तेव्हा त्याला तो आवाज ऐकून ठाऊक असावा लागतो. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांना चांगलंच झोडपतात, एकमेकांच्या रीतींतली विसंगती काढतात, आणि तुर्क त्याच्या बोलीत बोलतो. भांडण खरं आहे, म्हणून शेवटचा समेटही खरा वाटतो. आजच्या फ्लेक्समध्ये भांडणही नाही आणि ओळखही नाही, थेट आलिंगनाचा फोटो.

यातून आपल्यासाठी एकच गोष्ट घ्यायची : ज्याच्या आवाजात बोलायचं त्याच्याबद्दल नेत्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत पाहिजे. तेवढं नसेल तर ते पात्र लिहू नका. दुसरं लिहा.

आमच्या भारुडातला निवेदक बहुरूपी आहे. सुरुवातीला आम्ही साहेबांनाच बहुरूपी करणार होतो, दर गल्लीत सोंग बदलणारा म्हणून. पण बहुरूपी ही भटकी जमात आहे, सोंग ही त्यांची पिढीजात कला आणि भाकर. पोलिसाचं सोंग घेणारा बहुरूपी आधी पोलिसाची चाल शिकतो, बोलणं शिकतो. साहेबांना त्याच्या पंक्तीला बसवणं हा बहुरूप्यावर अन्याय झाला असता. म्हणून उलट केलं. बहुरूपी हा जाणता, तो साहेबांचं सोंग तपासतो. या एका बदलानं सगळं जागेवर बसलं.

लिहिणं

आधी टेक लिहा, म्हणजे पोरांच्या तोंडी ताल बसतो. आमची टेक अशी :

साहेब आले गल्लीत बाई, टोपी घालून आले
साहेब गेले तांड्यात बाई, फेटा बांधून गेले
दार कुणाचं, नाव कुणाचं, इचारलंच न्हाई
फोटोमधी सगळे आले, कामामधी न्हाई

मग प्रवेश. पहिला प्रवेश छोटा ठेवा, पंधरा-वीस वाक्यांचा. आमच्या इफ्तारच्या प्रवेशाचं दुरुस्त रूप असं सुरू होतं :

बहुरूपी : राम राम साहेब. आज कुणाचं सोंग?
साहेब : सोंग कसलं? मी मुस्लिम बांधवांच्या घरी आलोय.
बहुरूपी : बांधवांचं घर कोणतं आसतंय साहेब? घराला मालक आसतो. मालकाचं नाव सांगा.
साहेब : अरे, नाव काय रे ह्यांचं?
कार्यकर्ता : साहेब, यादीत नुसतं ‘बांधव’च लिवलंय.

इथं घरमालक अजून आलेलाच नाही. तो येतो तेव्हा साध्या शर्ट-पँटमध्ये येतो, शांतपणे पाणी देतो आणि विचारतो, “साहेब, मागच्या ईदला बी तुम्ही आलते. तवा म्या नळाचं सांगितलं होतं.” एवढंच. त्याला विनोदी वाक्य दिलेलं नाही. विनोदी वाक्यं सगळी साहेबांना आणि कार्यकर्त्याला, आणि त्यांना ती विनोदी आहेत हे ठाऊक नाही.

बोलीचं फार जपा. दखनी, बंजाऱ्यांची गोरमाटी, लिंगायत घरातली कानडी वळणाची मराठी या कानाला गोड बोली आहेत, त्या वापराव्यातच. पण ती वाक्यं ती बोली घरात बोलणाऱ्यानं लिहावीत. मी दखनी ऐकतो, समजतो, तरी लिहिताना ‘को’ आणि ‘कू’मध्ये चुकतो. चुकलेली बोली म्हणजे त्या फ्लेक्सवरची उलटी उर्दूच.

मधला प्रवेश सगळ्यात श्रीमंत करा, कारण लोक तोच घरी घेऊन जातात. आमचा सुपाचा प्रवेश आहे. साहेब भाषणाला उभे राहतात : माझा मराठा बांधव, माझा दलित बांधव, माझा धनगर, माझा वंजारी, माझा बंजारा, माझा कोळी, माझा मुस्लिम, माझा लिंगायत. एक म्हातारी सूप घेऊन खाली बसलेली असते. प्रत्येक नावाला ती सुपातला ज्वारीचा एक दाणा उचलून साहेबांच्या तळहातावर ठेवते. भाषण संपतं, साहेब मूठ मिटतात, कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. म्हातारी म्हणते, “मूठ उघडा साहेब. ह्यातला कोळ्याचा दाणा कंचा?”

साहेबांना सांगता येत नाही. सगळे दाणे सारखेच दिसतात. म्हातारी एकेक उचलून सांगू लागते. “ह्यो शिंप्याच्या गल्लीतला. ह्याच्या घरी बारा दिसांनी नळाला पाणी येतंय. ह्यो तांड्यावरचा. ह्याची माय दिवाळी झाली अन्‌ कारखान्याला गेली, आजून आली न्हाई. ह्यो वस्तीवरला. ह्यो बारावी झालाय, वसतिगृहाची यादी लागंल मनून रोज तालुक्याला चकरा मारतोय.” हे सांगताना वाद्य बंद ठेवा. पहिल्यांदा केला तेव्हा आम्ही मागं डफ वाजवला होता, दोन प्रयोगांनंतर काढला. आता तिथं माणसं हलत नाहीत.

म्हातारी जे सांगते ते त्या त्या गावचं खरं पाहिजे. नांदेडकडच्या गावात प्रयोग असेल तर तिथलं, धाराशिवकडं असेल तर तिथलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी गावात जाऊन तीन गोष्टी विचारून या आणि त्या त्या दाण्याला घाला. आमच्या संहितेत या जागा मोकळ्याच सोडलेल्या आहेत.

शेवट करताना मोह आवरा. ‘आपण सारे एक’ म्हणत सगळ्यांनी हात धरायचा शेवट लिहिलात तर तुम्ही तोच फ्लेक्स परत लावला. आमचं भारूड म्हातारीच्या प्रश्नावर थांबतं : “आता ह्यातला एक दाणा तुमच्यापाशी ठिवा. कंचा ठिवता?” साहेब हातातल्या दाण्यांकडं बघत राहतात, टेक सुरू होते.

तालमीच्या आधी वाचून दाखवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात. ज्या ज्या समाजाचा उल्लेख आहे तिथल्या निदान दोघांना संहिता वाचून दाखवा, त्यातली एक बाई असावी, आणि शक्य तर तरुण. त्यांच्या घरी जा, त्यांना बोलावून घेऊ नका. ‘तुमच्या समाजाचं मत काय’ असंही विचारू नका. एका माणसाला अख्ख्या समाजाचं मत विचारणं हीच तर साहेबांची सवय.

‘चालंल का?’ असं विचारलंत तर आपल्याकडं माणूस भिडेखातर हो म्हणतो. विचारायचं असं : “यातलं एक वाक्य काढायचंच आहे, कोणतं काढू?” मग माणूस मोकळं बोलतो. तांड्यावरच्या एका आजीनं आम्हाला ‘ओढणी’चा विनोद काढायला लावला. साहेबांच्या खांद्यावरून ती सारखी घसरते असा तो होता आणि आमच्या कसोटीत पासही झाला होता. आजीचं म्हणणं होतं, ती शिवायला तिला चार महिने लागतात, ती खाली पडलेली बघवत नाही. कसोटी लावूनही जे कळत नाही ते असं कळतं. आता साहेब ओढणी उलटी घेतात, आणि आजीच पुढं होऊन ती नीट करते.

पात्रं, तालीम, जागा

साहेबांची भूमिका तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या आणि त्याला सांगा की साहेब मनानं वाईट नाहीत. आपण फार चांगलं काम करतोय असं त्यांना खरंच वाटतं. नटानं डोळा मारला, पोट पुढं काढलं, की खेळ स्वस्त झाला. मुसलमान पोराला मुसलमानाचं आणि दलित पोराला दलिताचंच काम देऊ नका. आमच्याकडं साहेब झालेला पोरगा शेख आहे आणि म्हातारी होणारी पोरगी भीमनगरातली. दाढी चिकटवायची नाही, चेहरा काळा करायचा नाही. टोपी, फेटा, पंचा एवढं पुरतं.

लांबी पंधरा मिनिटं. डफ, टाळ, संबळ यातलं जे वाजवता येतं ते. माइकशिवाय आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, म्हणून तालीम मोकळ्या मैदानात करा. बाजार उठायच्या आधी अर्धा तास ही वेळ उत्तम, माणसांच्या हातातली कामं संपलेली असतात.

कायद्याचं आधी बघून ठेवा

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. रंगमंचावर नाटक म्हणून प्रयोग लावणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्या. ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. आचारसंहिता चालू असताना करणार असाल तर निवडणूक अधिकाऱ्यांना आधी भेटा, आणि शक्य असेल तर निवडणूक संपल्यावर करा. निवडणुकीत तुमचं भारूड कुठल्या तरी उमेदवाराचं होऊन जातं, मग म्हातारीचा प्रश्न कुणाला ऐकू येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातली तीन कलमं तोंडपाठ असू द्या : १९६, समाजासमाजांत वैर पसरवणं, २९९, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं, ३५६, बदनामी. त्याशिवाय १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. चाळणी नीट लावलेली असेल तर पहिल्या दोन्हींच्या जवळपासही तुम्ही जाणार नाही. बदनामीसाठी सोपा उपाय, खऱ्या नेत्याचं नाव, आडनाव, चिन्ह, पक्षाचा रंग काहीच वापरू नका. दहा जणांच्या नोंदी मिसळून एक साहेब करा. लोक आपापला साहेब ओळखून घेतात.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही लक्षात ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणं धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं की यात उमेदवाराचाच नाही, मतदाराचा जात-धर्मही येतो. ‘माझ्या अमुक समाजानं मला मत द्यावं’ हे वाक्य सुपाच्या प्रवेशात का ठेवलंय असं कुणी विचारलं तर हे उत्तर द्यायचं.

प्रत्येक प्रयोगाचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागेवरून, न तोडता चित्रीकरण करा आणि जपून ठेवा. कुणीतरी मोबाइलवर वीस सेकंदांचा तुकडा कापून गावच्या ग्रुपवर टाकणार, हे धरूनच चाला. म्हणून तालमीत संहितेचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे करून वाचा. एखादा तुकडा एकटा पडला तर कुणाविरुद्ध वापरता येईल का, ते बघा. आमची दोन वाक्यं केवळ यासाठी बदलली.

प्रयोगाला साहेबांची माणसं आली तर त्यांना पुढं बसायला जागा द्या. भांडू नका, माफीही मागू नका. संपल्यावर चहा पाजा.

फ्लेक्स करणाऱ्या पोराला भेटा

हे शेवटचं काम, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगाचं. मजकूर साहेब लिहीत नाहीत. कार्यकर्ता रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख आणि फोटो पाठवतो, डीटीपीवर बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा मागच्या वर्षीची फाइल उघडतो, नाव बदलतो, पहाटे फ्लेक्स लागतो. उलटी उर्दू ज्यानं छापली तो पोरगा आमच्या तिसऱ्या प्रयोगाला आला होता. चौथ्या दिवशी दुकानात बोलावून त्यानं मला विचारलं, “दादा, मग मोहरमला काय लिहायचं असतंय?”

आम्ही दोघांनी मिळून त्याच्या मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवला. मोहरम : शुभेच्छा नको, लिहायचंच तर ‘हजरत इमाम हुसेन यांच्या शहादतीला अभिवादन’. ६ डिसेंबर : ‘विनम्र अभिवादन’. गुड फ्रायडे : शुभेच्छा नको, त्या ईस्टरला. १४ जानेवारी : नामविस्तार दिनाचा फ्लेक्स वेगळा, संक्रांतीचा वेगळा. १७ सप्टेंबर : आधी हुतात्म्यांना अभिवादन, मग शुभेच्छा. गुरू गोविंदसिंगजी असोत, बाबासाहेब असोत की बसवेश्वर, महापुरुषाचा फोटो नेत्याच्या फोटोच्या खाली कधीच नाही. सरपंचबाईचा फ्लेक्स असेल तर फोटो तिचा.

आणि उर्दूसाठी : जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करायचं नाही, अक्षरं तुटतात. मजकूर मोबाइलवर उर्दू कीबोर्डनं टाइप करायचा, नस्तालीक फाँटमध्ये त्याचं चित्र करून घ्यायचं आणि ते चित्र फ्लेक्सवर बसवायचं. छपाईला पाठवायच्या आधी एक प्रिंट काढून चाचांच्या दुकानात न्यायची. दुकान सकाळी दहाला उघडतं, शुक्रवारी दुपारी दोन तास बंद असतं.